सत्तेचाळिसावं पान

"सर, तुमी माझं पुस्तक पुरतं वाचलंय, हे माझ्या बायकोला सांगायला निपाणीला यायला पायजे."

रविवारची सकाळ होती. साडेसहा वाजले असतील. अंगात बनियन, तोंडात ब्रश अशा थाटात मी दार उघडलं, तर समोर दस्तगीरभाई मुल्ला. स्वच्छ पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी, काखेत कापडी पिशवी. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते.

दस्तगीरभाई म्हणजे गडहिंग्लजच्या खोराटे छापखान्यातले कंपोझिटर. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं. मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचो आणि खोराटे आण्णांच्याच 'डोंगरवारा' साप्ताहिकात 'साभार पोच' नावाचं सदर लिहायचो. गोष्ट पस्तीसेक वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो आणि स्वतःला समीक्षक समजत होतो.

"निपाणीला? आज?" मी तोंडातला फेस सांभाळत विचारलं.

"आठची गाडी हाय. सांजच्याला माघारी. अकरा म्हैनं झालं सर, हुसेनबी म्हायेरात हाय. शर्त घातल्याय तिनं. एक तरी शिकलेला माणूस तुमचं पुस्तक पयल्या पानापासनं शेवटापतूर वाचू दे, मग मी येते. त्याबिगर उंबरा चढणार न्हाई." त्यांनी पिशवीतून गुरुवारचा अंक काढला आणि माझ्याच सदरातल्या एका ओळीवर शाईनं काळं झालेलं बोट ठेवलं. "आन तुमी तर लिवलंसा!"

ओळ अशी होती : 'प्रस्तुत समीक्षकाने ही कादंबरी एका बैठकीत, आद्यंत वाचून संपवली.'

ही ओळ मी दर परीक्षणात लिहायचो. इतकी नेमानं, की छापखान्यात ती जुळवून, दोऱ्यानं बांधून कायमची ठेवलेली असायची. मजकूर आला की उचलायची आणि बसवायची. हे दस्तगीरभाईंना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"बाकीच्यांना ती बांधलेलीच वळ लावतो मी," ते म्हणाले. "माझ्या पुस्तकाला न्हाई लावली. नव्यानं जुळवली. एकेक अक्षर."

मी आत जाऊन चूळ भरली. खरं सांगायचं तर आतच बसून राहावंसं वाटत होतं. मी ते पुस्तक वाचलं नव्हतं. मी कुठलंच पुस्तक वाचत नव्हतो.

त्या काळी आमच्या तालुक्यात कादंबऱ्यांचं पीक आलं होतं. पुण्या-मुंबईचे प्रकाशक दारात उभं करत नाहीत म्हटल्यावर जो तो स्वतःच प्रकाशक व्हायचा. खोराटे आण्णांकडे छापायचं, घरात गठ्ठे रचायचे आणि 'अभिप्रायार्थ दोन प्रती' माझ्याकडे पाठवायच्या. निवृत्त फौजदाराची रहस्यकथा, गुरांच्या डॉक्टरची प्रेमकथा, वनरक्षकाची विज्ञानकथा, दोन भूतकथा (एक तलाठ्याची, एक त्याच्या मेहुण्याची), आणि ऐतिहासिक तर विचारूच नका. आण्णांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वाईट लिहायचं न्हाई मास्तर. लेखक म्हंजे आपलं गिऱ्हाईक." चांगलंच लिहायचं, तर वाचायचं कशाला? मी पहिलं पान वाचायचो, शेवटचं वाचायचो आणि मधलं एकच वाचायचो, सत्तेचाळिसावं. शाळेत माझा हजेरी नंबर सत्तेचाळीस होता, एवढंच कारण. मधल्या पानाचा दाखला दिला की वाचल्यासारखं दिसतं.

कॉलेजचे पेपर तपासायचेत, असं सांगून पाहिलं. दस्तगीरभाई म्हणाले, "गाडीत तपासा की." मग मात्र मी शर्ट घातला. माणसाच्या तोंडावर 'तुमचं पुस्तक मी वाचलेलं नाही' म्हणण्यापेक्षा एसटीनं परमुलखात जाणं मला सोपं वाटलं. निघताना त्यांच्या कादंबरीची प्रत गुपचूप शबनम पिशवीत टाकली. निपाणीपर्यंत सव्वा तास मिळणार होता. पुस्तक एकशे साठ पानांचं. भराभर नजर फिरवली असती तर निभावलं असतं.

गाडी सुटली आणि मी पुस्तक बाहेर काढलं. कव्हरवर चंद्र, किल्ला, कवटी, रॉकेट आणि डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, असं सगळं एकाच चौकटीत दाटीवाटीनं बसवलं होतं. खाली नाव : 'चांदण्यातला पंचनामा'. त्याखाली कंसात : रहस्यमय, ऐतिहासिक, वैज्ञानिक, भयप्रद, कौटुंबिक कादंबरी.

"आता परत कशाला वाचतासा?" दस्तगीरभाईंनी प्रेमानं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि परत शबनममध्ये खोचलं. "डोळं दुखतील. गाडी हादरतीय किती. मी हाय की बोलायला."

"सहज, उजळणी."

"तुमाला उजळणी लागतीय व्हय!" ते हसले. मग इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी आले. "सर, राग नसावा. पर एक बोलू? तुमी बाकीच्यांची पुस्तकं वाचत न्हाई."

पुढच्या बाकावरचं कुणी ऐकतंय का, ते मी बघितलं.

"पान सत्तेचाळीस वाचतासा. सगळ्या तालुक्याला ठाव हाय."

"काय?"

"तर हो! चार वर्सं झाली. फौजदारसायबांनी पयल्यांदा हुडकून काढलं. तुमच्या परीक्षणातला दाखला दरखेपेला तितलाच का, म्हणून. शेवटी हाडाचा पोलिस त्यो. मग सगळी माझ्याकडं यायला लागली. दस्तगीर, माझा खून सत्तेचाळीसवर बसव. दस्तगीर, माझ्या नायिकेचा साखरपुडा पंचावन्नवर गेलाय, तेवढा माघारी वढ. मग मी काय करायचं? कुठं प्रकरणाचं नाव मोठ्या टायपात टाक, कुठं फुलाची वेलबुट्टी टाक, कुठं दोन पॅरे गाळ. तलाठ्याचं भूत तर एकावन्नवर हुतं. त्याला आणायला मी आख्खी आजी काढून टाकली."

गेली चार वर्षं तालुक्यातले झाडून सगळे खून, पहिली चुंबनं, किल्ल्यांचे पाडाव आणि परग्रहवासीयांची आगमनं सत्तेचाळिसाव्या पानावर होत होती. आणि मी? मी दिवाळी अंकात एक प्रदीर्घ लेख लिहिला होता. त्यात म्हटलं होतं की, 'कथानकाचा उत्कर्षबिंदू नेमका कुठे असावा, याची उपजत जाण आपल्या मातीतल्या कादंबरीकारांना आहे.' तो लेखही दस्तगीरभाईंनीच जुळवला होता. जुळवताना ते किती हसले असतील, या विचारानं माझे कान तापले.

"पर माझं तुमी वाचलंसा," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "ते मला कशावरनं कळलं, सांगू? माझ्या सत्तेचाळीसवर कायबी न्हाई. बाकीच्यांचं बसवता बसवता सोताचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. तितं नुसती म्हस हाय. फौजदार घरला निघालाय, म्हस आडवी येती, फौजदार थांबतो, म्हस जाती. खल्लास. आन तुमी काय लिवलंसा?" त्यांना पाठ होतं. "'पृष्ठ सत्तेचाळीसवरील म्हैस हे या कादंबरीचे मर्मस्थान आहे. ती केवळ म्हैस नाही.' सर, जो आख्खं पुस्तक वाचंल, त्यालाच त्या म्हशीत काय तरी दिसंल. नुसतं पान वाचणाऱ्याला नुसती म्हसच दिसणार की!"

संकेश्वर गेलं, मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दोनदा तोंड उघडलं खरं सांगायला, दोनदा मिटलं. अकरा महिने हातानं भाकरी थापून खाणारा माणूस शेजारी बसून म्हशीवर बोलत होता.

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत हुसेनबींच्या भावाचं घर होतं. पुढं पत्र्याचा सोपा. हुसेनबी तिथंच मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. पन्नाशीची, काटक बाई. नवऱ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "वाळलासा." मग माझ्याकडे बघितलं. "ह्ये कोण?"

"आरबोळे सर," दस्तगीरभाई म्हणाले. "कालेजात शिकवत्यात. पुस्तक वाचलंय ह्येंनी. आख्खं. पेपरात छापून आलंय."

"बसा मास्तर." भावजय पाण्याचा तांब्या ठेवून गेली. हुसेनबींची बोटं थांबली नव्हती. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. "मला अक्षर येत न्हाई. पर चार वर्सं ह्येंनी रोज लिवून रोज मला वाचून दावलंय. तवा मला इचारता येतंय. इचारू?"

"विचारा की," मी म्हणालो. आठ वर्षं पोरांच्या तोंडी परीक्षा घेत आलो होतो. घाम कुठून सुटतो हे मला त्या दिवशी कळलं. गुडघ्यांच्या मागून सुटतो.

"पयलं कोण मरतंय?"

पहिलं पान मी वाचलं होतं. "काळगडावरचा पहारेकरी. आषाढी अमावास्येला. पाठीत खंजीर."

दस्तगीरभाईंनी मांडीवर थाप मारली. "बघ!"

"शेवटाला काय हुतंय?"

"फौजदार सगुणा पाटलिणीच्या दारात येतो. खून कुणी केला, असं तिला विचारतो."

"आन ती काय म्हणती?"

"'एवढा वेळ लावलासा?' म्हणते. तिथं कादंबरी संपते."

"मी म्हटलं नव्हतं?" दस्तगीरभाई उभेच राहिले. "भर पिशवी!"

"थांबा जरा." हुसेनबींनी एक विडी सुपात टाकली. "मदी काय हाय त्यात?"

"मधे," मी घसा साफ केला, "मधे बरंच काही आहे. मला विशेष भावली ती म्हैस."

"कसली म्हस?"

"पान सत्तेचाळीस!" दस्तगीरभाई ओरडले.

"तुमी गप ऱ्हावा. मास्तर, मला काय म्हस आठवत न्हाई. असू दे. पोस्टमन मरतोय तवा कोण रडतंय?"

मी दस्तगीरभाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कोरा होता. मी त्याचा अर्थ असा घेतला की, त्यांना मदत करायची नाही. सात वर्षांच्या अनुभवानं मी जाणत होतो की आपल्या कादंबऱ्यांमधे पोस्टमन गेला की एकटंदुकटं कोणी रडत नसतं.

"सगळं गाव रडतं," मी म्हणालो. "फार हृदयद्रावक प्रसंग आहे तो. वाचताना मला पुस्तक खाली ठेवावं लागलं."

सोप्यात कातरीचा आवाज तेवढा थांबला.

"पोस्टमनच न्हाई त्यात," हुसेनबी म्हणाल्या.

दस्तगीरभाई हळूच खाली बसले. मला वाटलं होतं चिडतील, चार शब्द सुनावतील. त्यांनी पिशवीतून तो गुरुवारचा अंक काढला, उलगडला आणि ती ओळ पुन्हा वाचली. ओठ हलवत, सावकाश. आयुष्यभर खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचणाऱ्या त्या माणसाला ओळीतला खोटेपणा सुलट वाचताना दिसत नव्हता की काय कोण जाणे.

"एकबी न्हाई?" त्यांनी मला विचारलं. "एकबी पुस्तक न्हाई वाचलंसा?"

"नाही."

"साठ-पासष्ट असतील, सर."

"त्रेसष्ट," मी म्हणालो. मला शरम वाटली. नुसती वाटली नाही, तर अशी वाटली की आजही ही गोष्ट सांगताना मी मधेच उठून पाणी पिऊन येतो.

दस्तगीरभाईंनी अंकाची घडी घातली. "चला. साडेधाची गाडी गावंल." बायकोकडे न बघता ते चपला शोधू लागले. अकरा महिन्यांनी आलेला माणूस, चहासुद्धा न घेता निघाला होता.

"ओ," हुसेनबी म्हणाल्या. "शर्त काय हुती?"

"शिकलेल्या माणसानं आख्खं वाचायचं."

"कवा वाचायचं, ते मी बोलले हुते काय?" त्यांनी माझ्या शबनममधून डोकावणाऱ्या कव्हराकडे हनुवटीनं खूण केली. "पुस्तक आणलंय न्हवं मास्तरांनी? मग वाचू द्यात की आता. हितंच. मोठ्यानं. म्हंजे मलाबी कळंल वाचत्यात का पानं उलटत्यात."

"एकशे साठ पानं आहेत," मी म्हणालो.

"मला दिसभर इड्या वळायच्यात."

आणि मी वाचायला बसलो. सकाळचे साडेनऊ झाले होते.

पहिल्या वीस पानांत मी वाचत नव्हतो, शिक्षा भोगत होतो. मग काय झालं कुणास ठाऊक, सगुणा पाटलीण आली. खून कुणी केला हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण फौजदार सगळ्या गावाला विचारतो, देवळातल्या गुरवाला विचारतो, मेलेल्या पहारेकऱ्याच्या कुत्र्याच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधतो, तिला मात्र विचारत नाही. आणि न विचारता सांगायला ती काही मोकळी नसते. ती चुलीपुढं बसून त्याला जेवायला वाढते आणि त्याचे सगळे चुकीचे तर्क ऐकून घेते. मला हसू यायला लागलं. वाचता वाचता मी वर बघितलं. पाटलीण जे बोलत होती ते समोर बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या तोंडचंच होतं, शब्द न शब्द. दस्तगीरभाई दाराच्या चौकटीला टेकून बसले होते. माझ्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते.

म्हैस आली आणि गेली. ती केवळ म्हैस होती.

पन्नासाव्या पानावर उसाच्या फडात यान उतरलं. यानातून शास्त्रज्ञ उतरला, त्यानं चांदोबाच्या मातीचं पृथक्करण सांगितलं, मग त्याला काळगडाच्या किल्लेदाराचं भूत भेटलं. भुतानं आपली वंशावळ सांगितली, सात पिढ्या. मग एका गुरांच्या डॉक्टरचं प्रेम जमलं आणि मोडलं आणि जमलं. मला एकेक प्रकरण ओळखू यायला लागलं. हा वनरक्षक, हा तलाठी, हा त्याचा मेहुणा. तीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं जुळवून हातात जे काही चिकटलं होतं, ते दस्तगीरभाईंनी सगळंच्या सगळं इथं आणून ओतलं होतं. फौजदार गायब. पाटलीण गायब. दुपारी भावजयीनं भाकरी, वांग्याचं कोरड्यास वाढलं. जेवून मी पुन्हा बसलो तेव्हा किल्लेदाराची पाचवी पिढी चालू होती. भावजय भिंतीला टेकून तिथंच झोपली. शेजारचा म्हातारा सकाळपासून कट्ट्यावर बसून ऐकत होता, तो शास्त्रज्ञाला एक सणसणीत शिवी हासडून उठून गेला. माझा आवाज बसला. हुसेनबींनी मला गुळाचा खडा दिला.

दस्तगीरभाईंचे ओठ मात्र अजून हलत होते. ते खूश होते. अगदी खूश होते.

एकशे विसाव्या पानावर यान गेलं आणि फौजदार परत आला. तिथून पुढची चाळीस पानं मी कधी वाचली ते मला कळलं नाही. शेवटी फौजदार पाटलिणीच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहतो, ते पान मी सकाळी तोंडपाठ सांगितलं होतं. तेच पान वाचताना माझा आवाज दोनदा अडकला. त्याला गूळ चालला नसता.

मी पुस्तक मिटलं. साडेचार वाजले होते. हुसेनबींच्या सुपात विड्यांची रास झाली होती.

"झालं वाचून," दस्तगीरभाई म्हणाले. "शर्त संपली."

"संपली," हुसेनबी म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. "मास्तर, आता एकच सांगा. आवडलं?"

सवयीनं माझ्या तोंडात शब्द तयारच होते. 'अपूर्व', 'विलक्षण ताकदीची', 'मराठी साहित्यात मोलाची भर'. त्यातला एक उच्चारला असता तर काम झालं असतं. माणूस बायकोला घेऊन घरी गेला असता, मी सुटलो असतो. दस्तगीरभाई माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघत होते की मला त्यांच्याकडे बघवेना. पण बसलेल्या घशानं खोटं बोलायलाही ताकद लागते, आणि मी सात तास वाचत आलो होतो. त्रेसष्ट पुस्तकांत पहिल्यांदाच माझ्यापाशी सांगायला काहीतरी खरं होतं.

"सुरुवात फार चांगली आहे," मी म्हणालो. "शेवट तर असा आहे की तसं मला जन्मात लिहिता येणार नाही. पण दस्तगीरभाई, मधली सत्तर पानं रटाळ आहेत. काढून टाकायला पाहिजेत."

दस्तगीरभाईंचा चेहरा पांढराफटक पडला. संपलं, मला वाटलं. घर मोडलं ह्यांचं, आणि ते मी मोडलं.

हुसेनबींनी सूप खाली ठेवलं.

"चार वर्सं!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चार वर्सं मी काय सांगत हुते? त्यो फौजदार कुठं गेला, ती पाटलीण कुठं गेली, ह्ये मदलं काडून टाका म्हणून रोज सांगत हुते का न्हाई? तवा काय म्हणालासा मला? मास्तर, तुमी ऐका. मला म्हणाले, अडाणी बाईला वाङ्मयातलं काय कळतंय! असं म्हणाले. माझ्याच तोंडची बोली उचलून पाटलिणीच्या तोंडात घातली, आन मला वाङ्मय कळत न्हाई. त्याच दिशी पिशवी भरली मी."

दस्तगीरभाईंनी मला जे सांगितलं होतं, त्यात हे वाक्य नव्हतं. ते खाली मान घालून अंगठ्यानं दुसऱ्या हाताच्या बोटावरची शाई खरवडत बसले. ती काही निघणारी शाई नव्हती.

"मग शर्त..." मी म्हणालो.

"शर्त पुरतं वाचायचीच हुती," हुसेनबी उठत म्हणाल्या. "पुरतं वाचल्यावर शाणा माणूस दुसरं काय बोलणार हुता?"

त्या आत गेल्या. भावजय जागी झाली आणि काय चाललंय ते कळायच्या आत हुसेनबी पिशवी घेऊन बाहेर आल्या. चहा मात्र घेऊनच निघालो.

पुढं मी ते सदर चार महिने लिहिलं. वाचून लिहायला लागलो तसे लेखक आण्णांकडे भांडायला येऊ लागले आणि आण्णांनी 'साभार पोच'च्या जागी आठवड्याचं राशिभविष्य सुरू केलं. तेही मला लिहायला सांगितलं होतं. मी नको म्हणालो.

पण त्या संध्याकाळी आम्ही तिघं शेवटच्या बाकावर बसून परत येत होतो. खिडकीला हुसेनबी, मधे दस्तगीरभाई, कडेला मी. संकेश्वर मागं पडेपर्यंत दस्तगीरभाई माझ्याकडची प्रत मांडीवर घेऊन पानं उलटत होते. बायको मिळाली होती आणि सत्तर पानं गेली होती. त्यांना आनंद झालाय की सुतक लागलंय, ते त्यांच्या तोंडावरून ओळखणं कठीण होतं. शेवटी न राहवून ते माझ्याकडे वळले.

"सर," ते हळू आवाजात म्हणाले, "मदली सत्तर म्हंजे नेमकी कुठली?"

मी तोंड उघडायच्या आत हुसेनबी खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "यान उतरतंय तितनं."

दस्तगीरभाईंनी बोटांवर पानं मोजली. गाडीबरोबर त्यांची मान हलत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

"आन यान नुसतं वरनं गेलं," त्यांनी विचारलं, "उतरलंच न्हाई, तर?"

"वाचून दावा आधी," हुसेनबी म्हणाल्या. "मग सांगते."